क्रुसामागची लाल टाकी

ऑक्टोबरचं ऊन चटके द्यायला लागलं की आमच्या बोरिवलीच्या गेटपाशी बसणाऱ्या मासेवालीच्या पाटीत, बांगड्यांच्या कडेला, तिसऱ्यांच्या शिंपांचा ढीग दिसायला लागतो. परवा मी घेतल्या. सून म्हणाली, "आई, घरात तीन माणसं आणि एवढ्या?" मी म्हटलं, "अगं, निम्मं वजन कवचांचंच असतं." धुतल्या, मिठाच्या पाण्यात घातल्या आणि टब स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवला, वाळू सोडू दे म्हणून. मग स्टूल ओढून शेजारी बसले. हे माझं दरवर्षीचं आहे. थोडा वेळ काही होत नाही, नुसते खडे पडलेत असं वाटतं. मग एखादं कवच केसाएवढं उघडतं. त्यातून दोन नळ्या हळूच बाहेर येतात, एक पाणी ओढते, एक सोडते. एकीचं बघून दुसरी, दुसरीचं बघून चौथी. बघता बघता सगळा टब श्वास घ्यायला लागतो. एवढं वय झालं, पण मला त्याचा कंटाळा आलेला नाही.

मी मूळची मरोळची. आता तिथे काचेच्या इमारती आहेत, पण माझ्या लहानपणी भातशेती होती आणि आम्ही ख्रिस्ताव शेतकरी. चिखल मला माहीत होता, पण तो गोड्या पाण्याचा. त्यात भात उगवतं, बेडूक ओरडतात, झालं. ऐंशी साल उलटल्यावर लग्न होऊन मढला आले आणि खारा चिखल बघितला. पहिल्या दिवशी सासूबाईंनी मला ओहोटीला खाडीच्या तोंडाशी नेलं. समोर एवढं मोठं काळंभोर ओलं मैदान आणि पलीकडे धुरकट वर्सोवा. मी विचारलं, "आय, इथं काय पिकतं?" त्या म्हणाल्या, "पाय ठेव, म्हंजे कळंल."

सासूबाईंना आम्ही सगळेच आय म्हणायचो. नाव कातरीन, पण ते फक्त देवळातल्या पुस्तकात. बाई लहानखुरी, लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं, डोक्यावर रिकामी पाटी. हात कायम कमरेवर, कारण तिसऱ्या शोधायचं काम हातांचं नव्हतंच. ते पायांचं. गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, टाच रोवायची आणि चवडा असा हळूहळू फिरवायचा, जसं आपण अंधारात चप्पल शोधतो. अंगठ्याला कवच लागलं की आय ते अंगठा आणि शेजारच्या बोटात धरायची, पाय मागे दुमडायची आणि न वाकता हाताने काढून पाटीत टाकायची. मी आणि माझी जाऊ फिलू, आम्ही वाकून वाकून कमरेचे तुकडे करून घ्यायचो. आय आमच्याकडे बघून म्हणायची, "नमस्कार कुणाला चाललाय गो?"

पण मला जे खरं वेड लागलं ते तिसऱ्यांचं नव्हे, त्यांच्या शेजाऱ्यांचं. तुम्हाला सांगते, वरून बघितलं तर गाळ, आणि खाली अख्खं गाव वसलेलं. आणि हे गाव वर्षभर सारखं नसतं. पावसाळ्यात ओढ्यानाल्यांचं गोडं पाणी खाडीत उतरतं. खाऱ्यात वाढलेल्या जिवांना ते सोसत नाही. कोणी खोल जातं, कोणी कवच मिटून बसतं, पुष्कळ मरतात. सप्टेंबरात तळाला पाय लावला तर नुसता गार, मऊ, मुका गाळ. मग पाऊस थांबतो, पाणी पुन्हा खारट होतं आणि लोक परतायला लागतात. आधी येतात नळीत राहणारे किडे. किडा म्हटलं की तुम्ही नाक मुरडाल, पण यांचं घर बघा. गाळातून बोटभर वर आलेली नळी, आणि तिला बाहेरून शिंपल्यांचे बारीक बारीक तुकडे चिकटवलेले, एकावर एक, कौलांसारखे. माझी आई जुन्या कपड्यांच्या चिंध्यांची गोधडी शिवायची, रंगाला रंग लावून. तशीच ती नळी. आणि शिवणारा आत, त्याला ना हात ना डोळे म्हणावे असे डोळे.

त्यांच्या मागून इवल्या शंखांची रांग लागते. त्यातला एक गोल, गुळगुळीत, पिठाच्या गोळीसारखा शंख दिसायला गरीब, पण तिसरीला मिठी मारून तिच्या कवचाला सुईने पाडावं असं भोक पाडतो आणि आतलं सगळं खातो. किनाऱ्यावर भोक पडलेली शिंप मिळाली की पोरी दोऱ्यात ओवून माळ करायच्या. मला वाटायचं, समुद्रच ती आयती भोकं पाडून देतो. तोच शंख आपली अंडी वाळूत कालवून त्याची गळपट्टी करून ठेवतो, सदऱ्याच्या कॉलरसारखी. नाताळपर्यंत सगळे हजर असतात. गाळातून पाच बारीक हात वर काढून बसलेल्या चांदण्या, ज्यांचं अंग कधी दिसतच नाही. पाण्यात डुलणारी पिसं, ज्यांच्याकडे बोट नेलं की सर्रकन जमिनीत. उघडलेली आणि सावली पडली की मुठीसारखी मिटणारी समुद्रफुलं. दुसऱ्याच्या शंखात भाड्याने राहणारे खेकडे. मग मे महिन्यात ऊन तापलं की पुन्हा पांगापांग.

यांची नावं मला तेव्हा ठाऊक नव्हती. पुढे रद्दीवाल्याकडून मुलांच्या शाळाकॉलेजांची जुनी पुस्तकं उचलून आणली, चित्रांवरून जुळवत गेले. तेव्हा कळलं की यातल्या बहुतेकांची पिल्लं आधी पाण्यात तरंगत असतात, डोळ्यांना दिसणार नाहीत एवढी, आणि जागा पसंत पडली की खाली उतरून बिऱ्हाड मांडतात. म्हणजे रिकाम्या गाळावर आम्ही उभ्या असायचो तेव्हा येणारं सगळं गाव आमच्या पोटऱ्यांभोवतीच घिरट्या घालत होतं.

असो. मला सांगायचं होतं ते टाकीचं.

त्या मैदानात तिसऱ्या सगळीकडे नसत. त्यांची एक ठरलेली जागा होती, दोन-तीन भातखाचरांएवढी. पाण्याखालची जागा ओळखायची कशी? तर किनाऱ्यावर आमच्या गावाचा पांढरा क्रूस, आणि त्याच्या मागे वर चढावर शहरातल्या मोठ्या लोकांचे बंगले. त्यातल्या एका बंगल्याच्या गच्चीवर लाल रंगाची पाण्याची टाकी. चिखलातून आडवं चालत राहायचं आणि टाकी बरोबर क्रुसाच्या मागे आली की थांबायचं. टाकी यायच्या आधीच्या बायका म्हणे एका ताडाच्या झाडावरून ओळखायच्या. पण बघायचं फक्त सगळ्यात थोरलीने. बाकीच्यांनी मान खाली घालून मागून जायचं. सगळ्यांनी वर बघितलं तर तिसऱ्या खोल जातात, असं आमच्यात मानत. मला विचाराल तर रांग मोडू नये म्हणून कुणीतरी घालून दिलेली शिस्त असेल. पण आम्ही पाळायचो. आणि त्या काळात थोरली म्हणजे आय.

मी सांगते त्या वर्षी पाऊस लवकर आटोपला. पहिल्या मोठ्या ओहोटीला आम्ही गावातल्या सगळ्या बायका आयच्या मागून निघालो. आय थांबली, आम्ही थांबलो. पाय फिरवायला लागलो. काहीच लागेना. गाळ, नळ्या, परत गाळ. फिलू म्हणाली, "आय, तिसऱ्या माहेरी गेल्या वाटतं." कोणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी निम्म्या बायका कालवं फोडायला खडकांवर गेल्या. मी मात्र, खरं सांगते, मजेत होते. इतक्या नळ्या मी एका जागी कधी बघितल्या नव्हत्या. आम्ही उभ्या होतो तो सगळा मोहल्ला त्या किड्यांचा होता. पाण्याखाली गोधड्यांचा बाजार मांडल्यासारखा.

आय माझ्याकडे बघत नव्हती. ती आपल्या पायांकडे बघत होती.

घरी आल्यावर तिने खोबरेल गरम केलं आणि तळव्यांना चोळत बसली. मी म्हटलं, "आय, पावसात मेल्या असतील. होतं की असं कधीकधी."

"मेल्या तर शिंपा राहतात गो. शिंपा कुठं लागल्या?" ती म्हणाली. मग हळूच, "पाय मेले माजे."

मला आधी समजलं नाही. मग दुपारी तिने मला दार लोटायला लावलं, खाटेवर बसली, डोळे मिटले आणि म्हणाली, "पायाखाली कायतरी ठेव. काय हाय ते सांगू नको." मी तांदळाचा दाणा ठेवला. "तांदूळ." शर्टाचं बटण ठेवलं. "बटण. दोन भोकांचं." मग रोजरीच्या जपमाळेचा मणी ठेवला. ती पाय बाजूला घेत म्हणाली, "देवाचं पायाखाली घालतंस?" मी म्हटलं, "बघा, सगळं कळतंय तुम्हाला." तर म्हणे, "घरात काय. घरात जमीन कडक. तिकडं मऊत कळलं पायजे."

आमचे हे तेव्हा अंधेरीला कारखान्यात होते. रात्री जेवताना म्हणाले, "आय, झालं की आता. पुष्कळ केलंस. घरी बस, मजेत राहा." ते मायेनेच म्हणाले. पण मी आयचं तोंड बघितलं.  तिने ताटातली आमटी भातात ओतली आणि नुसती कालवत राहिली. पुढच्या मोठ्या ओहोटीला तिने पाटी काढलीच नाही. ती दाराच्या मागे पालथी घातलेली तशीच. बायकांनी बाहेरून हाक मारली, "येतंस ना गो कातरीन?" तर आतून म्हणाली, "माज्या मागून येऊन काय करणार? जा खडकावर." जी बाई घरात कधी टेकत नव्हती, ती दिवसभर लसूण सोलत बसायला लागली. एवढी लसूण आमच्या घरात कोण खाणार होतं?

तुम्हाला वाटेल, तिसऱ्या नाही मिळाल्या तर काय एवढं. पण त्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, नवऱ्याला जाऊन जमाना झाला होता, आणि गावात तिला जो मान होता तो त्या दोन तळव्यांवर उभा होता. ते गेले म्हणजे ती कोण, हा प्रश्न होता. आणि तो तिने आम्हाला कुणाला विचारला नाही, स्वतःलाच विचारत राहिली.

अशात एक दिवस फिलू सिनेमात काम करून आली. मढच्या बंगल्यांवर शूटिंगं चालायचीच, गावातल्या बायकापोरांना गर्दीत उभं करायला न्यायचे. ती आली तीच पदर तोंडाला लावून हसत. "लुसे, मला कोळीण केलेली. आणि तो चष्मेवाला म्हणतो कसा, बाई, तुम्ही कोळणीसारख्या दिसत नाही. तोंडाला काळं फासलं माज्या. जन्मभर उन्हात राबले ते त्यांना पुरलं नाय."

"आणि नेसायला काय दिलं?" मी विचारलं.

"नायलॉनचं लुगडं. घसरतंय नुसतं. मी म्हटलं, दादा, पाण्यात उतरायला सांगू नका, एकटी मीच वर येईन." मग चहा पिता पिता तिचं सुरू झालं. केवढा खर्च, केवढं खोटं. बंगल्याचा त्यांनी राजवाडा केला होता. "वरची ती टाकी हाय ना, तिच्यावर पांढरा घुमट बसवलाय. टाकी पार आत. आणि शेजारच्या बंगल्याच्या गच्चीवर विटांचा बुरूज. विटा कसल्या, फळ्या नि पुठ्ठा. मी बोटानं वाजवला, पोकळ. पण रंग बघशील तर लालभडक."

कोपऱ्यात लसणीची सालं पडायची थांबली.

"कवापासून?" आयने विचारलं.

"काय कवापासून?"

"बुरूज."

"ते पावसातच, वांद्र्याच्या जत्रेच्या आधीपासून ठोकतायत, तिथला सुतार म्हणाला."

आयने सूप खाली ठेवलं. "फिले," ती म्हणाली, "मग मी क्रुसामागं काय बगत होते?"

फिलूच्या हातातला कप तसाच राहिला. मग आम्ही दोघी हसत सुटलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सगळ्या गावाच्या बायका पुठ्ठ्याच्या बुरुजामागे रांगेने गेल्या होत्या, माना खाली घालून. आयची नजर तेव्हा थोडी अधू झाली होती, लांबून तिला टाकी काय नि बुरूज काय, लाल तेवढं दिसायचं. आणि आम्हा बाकीच्यांना डोळे चांगले होते, पण बघायचं नव्हतं.

आय हसली नाही. "खूण चुकली ते झालं," ती म्हणाली. "पण पाय चांगले हायत ते कुठं कळलं? तिथं तिसऱ्या नव्हत्याच. नसलेलं तर मेलेल्या पायालाही लागत नाय, नि जित्यालाही नाय."

 खरंच होतं ते. मोठ्या ओहोटीचे दिवस संपले होते, पुढच्या अमावास्या-पुनवेची वाट बघायची होती. आणि ते दिवस घरात कसे गेले म्हणून सांगू. पोरांच्या परीक्षेच्या निकालाआधी असतं तसं. कोणी विषय काढायचा नाही, आणि डोक्यात दुसरं काही नाही. आय लसूण सोलायचीसुद्धा बंद झाली. दाराशी बसून पाण्याकडे बघायची.

तो दिवस आला तेव्हा तिने फक्त मला आणि फिलूला घेतलं. बाकी कुणाला सांगितलं नाही. सकाळची वेळ, पाणी उतरत होतं, चिखलावर उजेड पसरलेला. आय म्हणाली, "लुसे, मी वर बगणार नाय. तू बग."

"मी कशी बघू, आय?"

"डोळ्यांनी. आणि लाल बगू नको. पांढऱ्या घुमटाचं टोक क्रुसामागं आलं की सांग."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्या मैदानात मान वर करून चालले. आणि काय सांगू, किती सुंदर दिसत होतं आपलं गाव. क्रूस हळूहळू सरकत होता, मागचे बंगले उलटे सरकत होते. लाल बुरूज आला, क्रुसामागे लपला, पुन्हा बाहेर निघाला. तिथेच आम्ही थांबत होतो. तिथून पुढे बरंच गेलो. मग पांढरं टोक क्रुसाच्या डोक्यावर बसलं, टोपी घातल्यासारखं. "इथं," मी म्हटलं.

आय उभी राहिली. टाच रोवली. पाय फिरवला. माझ्या पायांखालीही काहीतरी टोचत होतं, पण मी हलले नाही. 

"शिंप," आय म्हणाली. "रिकामी." पाय पुढे. "रिकामी. गाळ भरलाय आत." पुन्हा पुढे. तिच्या कपाळावर घाम आला होता. "ही पण मेलेली." मला वाटलं, संपलं. टाकी सापडली, पण जागा पावसाने खाल्ली.

मग तिचा पाय थांबला. पाण्यावरून काही दिसत नव्हतं, नुसती पोटरी ताठ झालेली. तिने पाय मागे दुमडला, हात मागे नेला, आणि मुठीतून काहीतरी माझ्या तळहातावर ठेवलं. ओली, जड, घट्ट मिटलेली तिसरी. पिवळट कवचावर तपकिरी नक्षी. मी बघत असतानाच कडेतून पाण्याची बारीक चिळकांडी माझ्या तोंडावर उडाली.

"थुंकली तुज्यावर," आय म्हणाली. आणि मग ती हसली. कमरेवर हात ठेवून, त्या एवढ्या मोठ्या मोकळ्या चिखलात, एकटी हसत राहिली.

पाटी भरून आम्ही वर आलो तेव्हा किनाऱ्यावर बायका जमल्या होत्या. आयने पाटी उतरवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "उद्यापासून सगळ्या वर बगा गो. एकीच्या डोळ्यांवर अख्खं गाव सोडू नका." कुणीतरी म्हटलं, "आणि तिसऱ्या खोल गेल्या तर?" "गेल्या तर माजे पाय हायत," आय म्हणाली.

त्या नाताळला बाटली मसाल्यातलं, वर्षाचा बाटलीत भरून ठेवतो त्या मसाल्यातलं, तिसऱ्यांचं कालवण आमच्याकडे दोनदा झालं. शूटिंग संपलं, राजवाडा मोडला, टाकी पुन्हा बाहेर आली. बुरुजाच्या फळ्या गावातल्या लोकांनी उचलून नेल्या. एक आमच्याकडेही आली, कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून. खोट्या विटांचं ते दार कितीतरी वर्षं होतं. आय रोज सकाळी ते उघडताना त्याच्यावर बोटाने टकटक करायची.

ती त्यानंतर बरीच वर्षं खाडीत उतरत राहिली. आता ती नाही, टाकीही नाही. क्रूस आहे. मागच्या हिवाळ्यात नातीला घेऊन गेले होते. चिखलात प्लास्टिक पुष्कळ. पण वाकून बघितलं तर नळ्या होत्या, तशाच, कौलं लावलेल्या. एकीवर शिंपल्यांच्या तुकड्यांमध्ये गुलाबी पिशवीची एक चिंधी बसवलेली. नात "ई" म्हणाली. मी मात्र बघतच राहिले. शिवणारा जे मिळेल ते घेऊन शिवतोच आहे.

मला आता साखर आहे. डॉक्टर दर वेळी तळव्यांना नायलॉनचा ताठ दोरा टोचून विचारतात, "आजी, कळतंय?" कधी कळतं, कधी मी अंदाजाने हो म्हणते. परवा टबाशेजारी बसले होते, सगळ्या तिसऱ्या नळ्या काढून निवांत. मी चप्पल काढली, पाय धुतला आणि उजवा पाय टबात घातला. खटाखट सगळ्या मिटल्या.

सून गॅसपाशी होती. "आई, अहो, त्या आपण खाणार आहोत."

"मग? आजवर ज्या खाल्ल्या त्या काय हातांनी शोधल्या होत्या?"

ती येऊन उभी राहिली. मी डोळे मिटले आणि पाय फिरवला. पाणी गार होतं, एवढं कळलं. मग काहीच नाही. अंगठा असा लाकडासारखा. मी थांबले, पुन्हा फिरवला. अगदी हळू.

"ही जिवंत," मी म्हटलं. "ही जिवंत. आणि ही... ही नुसती शिंप आहे, आत गाळ. काढ ती, नाहीतर सगळ्या कालवणात वाळू होईल."

सुनेने बाही सारली, माझ्या अंगठ्याखाली हात घातला आणि ती वर काढली. दोन बोटांनी दाबल्याबरोबर ती उघडली. आत काळा गाळ होता.

"कसं कळलं तुम्हाला?" तिने विचारलं. मी पाय पुसला आणि तिला म्हटलं, "चप्पल काढ. पाय ठेव, म्हणजे कळेल."